मीठ-व्हिनेगरने बिटाचा रंग पक्का होत नाही

‘लोकर बिटाच्या रसात उकळा, मीठ आणि व्हिनेगर घाला, गुलाबी रंग कायमचा बसेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही. कृपया कुणाची चांगली लोकर यात वाया घालवू नका.

बिटातलं रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने विघटित होतं. भांड्यात गर्द दिसणारा रंग थोड्याच दिवसांत फिकट बदामी होतो. व्हिनेगरने छटा बदलते, पण मीठ काय किंवा व्हिनेगर काय, रंग धाग्याला बांधून ठेवत नाही. ते काम तुरटीचं. तिच्यातलं ॲल्युमिनियम लोकरीलाही धरतं आणि रंगालाही. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी पुरते. ती गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, भिजवलेली लोकर त्यात सोडा आणि तासभर मंद आचेवर ठेवा. खळखळून उकळू नका, ढवळूही नका, नाहीतर लोकर आटून धागे एकमेकांत गुंततात आणि तिचा नमदा होतो.

बिटाचं रंगद्रव्यच विघटित होत असल्याने तुरटीनेही ते टिकत नाही. म्हणून तुरटी लावलेल्या लोकरीला लालसर रंग हवा असेल तर मंजिष्ठा (एका वेलीची मुळं) घ्या. कांद्याच्या सालींचा सोनेरी-नारिंगी रंगही सुरेख येतो. हळद मात्र तुरटी लावूनही उन्हात उडते.