बीटा किती आला?

पंधरा दिवसांपूर्वी उदगीरहून आईचा फोन आला. धाकट्या बहिणीच्या ट्रान्सफरला, म्हणजे आयव्हीएफचा गर्भ गर्भाशयात सोडल्याला, चौदा दिवस झाले होते, लातूरच्या लॅबचा रिपोर्ट आला, बीटा (गरोदरपणात रक्तात वाढणारं एचसीजी हे संप्रेरक) ११२. धाकटीनं पाहण्याआधीच तो घरच्या ग्रुपवर पोचला होता. तिच्या नणंदेनं लिहिलं, आमच्या ओळखीतल्या एकीचा ४०० होता. मामींनी लिहिलं, आता तिला खाटेवरून उठू देऊ नका. आणि धाकटी मला विचारत होती, "अक्का, लेकरू राहिलं का नाही, एवढंच सांग."

एका आकड्यावरून ते कुणालाच सांगता येत नाही. रुजणाऱ्या गर्भाची वार ज्या पेशींतून घडते, त्या पेशी हे संप्रेरक सोडतात. चौदाव्या दिवशी कुणाचं १०० असतं, कुणाचं ४००, आणि दोन्ही गर्भ नीट वाढू शकतात. बघायचं ते ४८ तासांनी किती वाढलं. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर निदान ४९ टक्के वाढ डॉक्टर धरतात. लॅब दोन्ही वेळा एकच हवी, किट बदललं की आकडाही बदलतो. वाढ मंद असेल तर काळजी खरी असते. गर्भ टिकत नसेल, किंवा नळीत रुजला असेल. पोटात एका बाजूला कळ, रक्तस्राव, चक्कर यातलं काहीही झालं तर ग्रुपवर विचारत बसू नका, दवाखाना गाठा.

खाटेचं मात्र मला पटत नाही. झोपून राहिल्यानं गर्भ जास्त टिकतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि एसटीच्या धक्क्यांनी तो निसटत नाही. त्याला आधार प्रोजेस्टेरॉनचा. धाकटीसारखा गोठवलेला गर्भ औषधांवर तयार केलेल्या गर्भाशयात सोडला, तर त्या महिन्यात अंडं फुटलेलंच नसतं, म्हणून शरीर ते पुरेसं बनवत नाही. वार काम हाती घेईपर्यंत ते बाहेरून द्यावं लागतं. डोस चुकू नये म्हणून गजर लावा, एवढं मी मामींना सांगितलं.

माझ्या वेळी इथे इंग्लंडात दवाखान्यानं रक्त तपासलंच नाही. लघवीची पट्टी घरी दिली, नंतर सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. आकडाच नाही, तर तुलना कशाशी करणार? ते मला आजही बरं वाटतं. पण ते तीन आठवडे! नवरा रात्रपाळीला, कपड्यावर डाग दिसला, आणि दवाखान्याच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. धाकटीच्या उशाशी आई रात्रभर तिच्या केसांतून हात फिरवत बसली होती. मला ते मिळालं नाही. म्हणून इथलं सगळं तिकडे न्या असं मी म्हणणार नाही.

रिपोर्ट आधी तिच्या हातात पडू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आठ वर्षं जिला डोहाळजेवणाला कुणी पुढं बोलावलं नाही, तिच्या पोटातला आकडा तिच्याआधी सगळ्या भावकीनं वाचावा, याचा मला संताप येतो.

दुसरा बीटा २३१ आला. तो धाकटीनं ग्रुपवर टाकला नाही. गुरुवारी सोनोग्राफी आहे. आईला सांगून ठेवलंय, फोन तिचा येऊ दे, आपण करायचा नाही.