एमआयटीला अर्ज करताय? मग मुलाला मधे आणू नका

पालकहो, मुलाला एमआयटीत घालायचं ठरलंय म्हणे. अभिनंदन! (कोथरूडची नव्हे हो. ती अमेरिकेतली, चार्ल्स नदीकाठची, १८६१ सालची.) निर्णय तुम्ही घेतलात हे उत्तम झालं. मुलावर सोडला असता तर त्याने आधी तिथे काय शिकवतात ते बघण्यात वेळ घालवला असता. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आपल्यासारख्यांचा सहवास लाभतो. त्या पुण्याईवर चार शब्द सांगतो. परदेशी प्रवेश मिळवून देणारे कन्सल्टंट यांचेच लाखांत घेतात.

सगळ्यात आधी, आकडे बघू नका. अलीकडे वर्षाला २६ हजारांच्या वर अर्ज येतात आणि निवड होते तेराशेच्या आसपास. परदेशी मुलांचं तर शंभरात जेमतेम दोन. हे एकदा नीट वाचलं की माणूस म्हणतो, लागलं तर लागलं, नाहीतर दुसरीकडे शिकेल. आणि असं म्हणणाऱ्या माणसाला पॅकेज विकता येत नाही.

मुलाला संस्थापक करा. सोळा वर्षं पूर्ण झाली आणि अजून स्वतःची एनजीओ नाही, हे बरं दिसत नाही. नाव इंग्रजी ठेवा, लोगोत दोन तळहात आणि मधे एक रोपटं. एखाद्या रविवारी वस्तीत जाऊन वह्या वाटा, फोटो काढा, गाडी सावलीत लावलेली असू द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला की संस्थेचं विसर्जन करायला हरकत नाही. वस्तीतली पोरं समजूतदार असतात, त्यांना सवय आहे.

शोधनिबंध हवाच. पैसे भरले की छापणारी नियतकालिकं उदंड आहेत. विषय मुलाला कळावा असा आग्रह नको. मागे एकांनी मला लेकाच्या निबंधाचं शीर्षक मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात क्वांटम होतं, कॅन्सर होता आणि ब्लॉकचेनही होती. लेक शेजारी बसून नखं खात होता.

अर्जात उपक्रमांसाठी जागा चारच असतात. तुमच्याकडे तेवीस आहेत. स्वल्पविराम कशासाठी असतात?

अर्जातल्या निबंधात आजी वारलेली असावी. हयात असल्यास तिला कळू देऊ नका.

एका प्रश्नाला मात्र जपा. केवळ आनंद म्हणून तू काय करतोस, असं तिथले लोक विचारतात. हा सापळा आहे. मुलगा भाबडेपणाने लिहून बसेल की मला जुने पंखे उघडायला आवडतात, किंवा मी गच्चीवर नुसता पडून राहतो. लगेच खोडा! कन्सल्टंटकडून ‘आनंदाने डेटा सायन्स करतो’ असं लिहून घ्या. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९३५ साली एमआयटीत गेले. त्याआधी हा मुलगा शेजारपाजारचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करत हिंडायचा. कोलंबिया विद्यापीठाने ज्यू मुलांचा कोटा भरला म्हणून त्याला नाकारलं, ती गोष्ट वेगळी. आज तो तुमच्या कन्सल्टंटच्या हाती लागता तर पहिल्याच बैठकीत रेडिओ सुटले असते. रेडिओने प्रोफाइल होत नाही. ‘ग्रामीण श्रवण सबलीकरण’ अशी काहीतरी संस्था निघाली असती, फाइनमन अध्यक्ष झाले असते आणि पुढच्या सगळ्या भौतिकशास्त्राची कटकट वाचली असती.

मामा तिथेच शिकलेत? आमच्याकडे नात्याला गुण नाहीत, असं एमआयटीवाले स्वतः सांगतात. तरी मामांना फोन करून ठेवा. आपल्याकडे फोनने काय काय होतं.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेऱ्यामागे बसा आणि ओठ हलवा.

निकाल साधारणपणे १४ मार्चला लागतो. अमेरिकन पद्धतीने तारीख लिहिली की ३.१४ होते, म्हणजे गणितातल्या पायची (π) किंमत, म्हणून. वेळही संध्याकाळी सहा अठ्ठावीसची, म्हणजे पायची दुप्पट, ६.२८. आपल्याकडे तेव्हा पंधराची पहाट होत असते. असल्या पोरकट गमती करणाऱ्यांना आपण किती गंभीर कागद पाठवले, याचा विचार त्या पहाटे करू नका.

आता शिफारसपत्र, म्हणजे तुमच्या भाषेत एलओआर. दोन शिक्षकांची लागतात, एक गणित किंवा विज्ञानाच्या, एक भाषा किंवा समाजशास्त्रांच्या. दुसऱ्यासाठी मुलाला शिक्षकाचं नाव आठवायला थोडा वेळ द्या. पहिल्यासाठी माझ्याकडे या, आणि येताना पत्र लिहूनच आणा. परवा एक गृहस्थ आले तसे. हसतमुख, हातात मिठाईचा पुडा, फाइलमध्ये माझं पत्र. माझं! खाली माझं नाव, माझं पद, मी कधी न वापरलेली विशेषणं. मी म्हटलं, वाचू तरी द्या. वाचल्यावर कळलं की आमच्या प्रयोगशाळेत या मुलाने स्वतः स्पेक्ट्रोमीटर बांधला. आमच्या प्रयोगशाळेतला एकमेव स्पेक्ट्रोमीटर कपाटात आहे आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो निवृत्त झाला. पुढच्या परिच्छेदात मी वर्गात त्याचं उत्तर ऐकून निःशब्द झालो होतो. माझ्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याला विचारा, मी निःशब्द होतो का ते.

मी म्हटलं, पत्र मी लिहीन, मला विद्यापीठाकडून लिंक येते, तिथेच भरायचं असतं. तर गृहस्थ काय म्हणाले? ‘सर, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही तुमच्या नावाचा ई-मेल उघडलाय. लिंक त्यावर येईल, आमचे कन्सल्टंटच भरतील. कोणी फोन केलाच तर तुम्ही फक्त हो म्हणा.’ किती ही काळजी! माझ्या नावाने खोटा पत्ता, त्या पत्त्यावरून खोटं पत्र, त्याखाली माझी खोटी सही, आणि हे सगळं मला त्रास नको म्हणून. वर पेढे. सगळेच करतात म्हणे. मला खात्री आहे की करत असतील. सगळेच करतात हे ऐकून ऐकून मला आता त्या ‘सगळ्यां’ची यादी एकदा भिंतीवर लावाविशी वाटते.

आणि मुलगा कसा आहे माहीत आहे का? त्या पत्रात नाही, खरा. अकरावीला साध्या लंबकाचा प्रयोग असतो, गुरुत्व त्वरण काढायचा. पोरं काय करतात हे तुम्हीही विसरला नसाल. उत्तर ९.८ यायला हवं हे ठाऊक असतं, मग रीडिंग उलटी बसवतात. सगळ्या वर्गाचं ९.७९ नाहीतर ९.८१. याचं आलं ९.४, आणि याने जर्नलमध्ये ९.४ लिहिलं. लांबी आणि आवर्तकालाचा, म्हणजे एका झोक्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग यांचा आलेख काढला तर रेघ शून्यातून जाईना. बाकीच्यांनी पट्टी जरा सरकवून ती शून्यातून नेली होती. हा मधल्या सुट्टीत येऊन विचारत होता, सर, रेघ शून्यातून का जात नाही? मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा न खाता तिथेच उभा. लंबक हातात घेऊन, दोरीला बोट लावून. आणि सापडलं त्याला. दोरी त्याने गाठीपर्यंतच मोजली होती, हूक आणि गोळ्याची त्रिज्या राहिली होती. रेघ अक्षावर जेवढी मागे सरकली होती, बरोबर तेवढीच लांबी. रेघेच्या चढावरून त्वरण काढलं तर ते नीट येत होतं. चूक कुठली ते आलेखच सांगत होता आणि अख्ख्या वर्गात या एकाने त्याचं ऐकलं.

हे तुमच्या पत्रात आहे? नाही. तुम्हाला माहीतच नाही. विचारलंत कधी त्याला? हूक आणि गोळा नको, तुम्हाला स्पेक्ट्रोमीटर हवा. जे पोरगं आलेखावरची रेघ सरकवत नाही, त्याच्या नावावर तुम्ही न झालेला प्रयोग चिकटवताय, आणि ते त्याच्यासमोर बसून, त्याच्या देखत करताय. मान खाली घालून बसला होता तो. तुम्हाला वाटलं लाजतोय.

२००७ साली एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांना राजीनामा द्यावा लागला. नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या आपल्या नावापुढे लावल्या होत्या. नोकरीला २८ वर्षं झाली होती, कामाचा बोलबाला होता, आणि मुलांवर एवढा ताण देऊ नका असं त्या देशभर सांगत फिरत होत्या. तरी घरी जावं लागलं. स्वतःच्या प्रमुखाला एमआयटीने सोडलं नाही, तुमचं पोरगं कोण लागून गेलंय? अर्जातलं खोटं उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, तो कुठल्या वर्षी होईल याला मुदत नसते. त्या दिवशी कन्सल्टंट फोन उचलणार नाही. पोरगा परक्या देशात, हातात बॅग, आणि का म्हणून विचारलं तर काय सांगणार? बाबांनी केलं?

जाऊ दे, पुरे झालं हे सल्ल्यांचं सोंग. मला मिठाईवरून हसू येत नाही आणि तुमच्या हुशारीचं कौतुकही वाटत नाही. संतापच येतो. तुम्हाला पोरगा पुरत नाही. आहे तसा पुरत नाही. तो पुरेसा आहे की नाही हे एमआयटीला ठरवू द्या ना! नाही घेतलं तर नाही घेतलं, शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना नाहीच घेत. पण तुम्ही तर त्याला रांगेत उभंच केलं नाहीत, त्याच्या जागी एक बनावट पोरगा पाठवताय आणि हा घरी बसून बघतोय.

तेव्हा ऐका. माझ्या नावाचा तो पत्ता आजच्या आज बंद करा. अर्जात माझा खरा ई-मेल घाला, कॉलेजच्या ऑफिसात मिळेल. संस्थापक, निबंध, स्पेक्ट्रोमीटर, सगळं काढून टाका आणि मजेच्या प्रश्नापुढची जागा त्याची त्याला भरू द्या. चुकीच्या इंग्रजीत लिहील, लिहू दे. पेढे परत घेऊन जा, स्टाफरूममध्ये पडून आहेत. पत्र मी लिहिणार आहे, लंबकापासून सुरुवात करून. आणि नाही, तुम्हाला ते वाचायला मिळणार नाही.