अटक केली की अटक दाखवली?

"मामा, तुमच्या लोकांनी काल माझा मोबाईल चाळला." पिंट्या कट्ट्यावर आला तो हेच म्हणत.

मामा म्हणजे आमचे निवृत्त हवालदार. "माझी लोकं आता पेन्शनच्या रांगेत असत्यात," ते म्हणाले आणि बसल्या जागी थोडे सरकले. पिंट्याने टेकायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. रात्री साडेअकराला नाकाबंदी. लायसन दाखवलं, पीयूसी दाखवली, विमा दाखवला. मग साहेब म्हणाले, मोबाईल उघड. पाच मिनिटं व्हॉट्सॲप, गॅलरी सगळं खाली-वर केलं आणि "जा" म्हणाले.

"लपवण्यासारखं काय होतं त्यात?" पानाच्या टपरीतून शेठ.

"काही नाही. आईचे रिपोर्ट, कंपनीचे कागद. आणि... असतात की मेसेज."

पिंट्याचं लग्न ठरलंय हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे पुढची दोन मिनिटं वाया गेली.

वकील मात्र हसला नाही. वकील माझा शाळूसोबती. कोर्टात फारसा बोलत नाही, ती भर तो इथे काढतो. "संशय नाही, गुन्हा नाही, नुसतं 'उघड बघू', याला कलम कुठलं?" त्याने मामांना विचारलं. "घरझडतीला वॉरंट लागतं. वॉरंटला वेळ नसेल तर तपासी अधिकाऱ्यानं आधी कारण लिहून ठेवायचं. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच घ्यायचे, जप्त मालाची यादी करायची, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत शूटिंगसुद्धा करायचं. तुझ्या घराचं कपाट उघडायला एवढं लागतं. आणि अख्खं घर खिशात घेऊन हिंडणाऱ्या पोराला काहीच लागत नाही?"

"पोरगं स्वतः उघडून देतंय की. आम्ही हात पिरगाळला का?"

"रात्री साडेअकराला दंडुका घेतलेला माणूस मागतो, तेव्हा त्याला मागणं म्हणतात होय?"

2021 मध्ये हैदराबादला पोलिसांनी रस्त्यावर पोरं थांबवून त्यांच्या व्हॉट्सॲपच्या सर्चमध्ये 'गांजा' टाईप करून बघितलं होतं, तो किस्सा वकिलाने सांगितला. मामांनी मान डोलावली, पण कौतुकाने. "कल्पना वाईट न्हाई," म्हणाले.

मग त्यांनीच खरा प्रश्न टाकला. "समज, पिंट्याच्या फोनात खरंच काहीतरी घावलं असतं. झडती तुझ्या मते बेकायदा. मग कोर्ट तो पुरावा फेकून देणार का?"

वकिलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. उत्तर त्याला माहीत होतं आणि आवडत नव्हतं, हे आम्हाला लांबून कळलं.

"नाही फेकत," तो म्हणाला. "1973 सालचा पूरणमल खटला. प्राप्तिकर खात्याच्या धाडी होत्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, झडतीत चूक असली तरी सापडलेली वस्तू प्रकरणाशी संबंधित असेल तर पुरावा म्हणून चालेल. घटनेत किंवा कायद्यात स्पष्ट मनाई असेल तरच नाही. आजही तेच चालतं."

"बघ!" मामांनी मांडीवर थाप मारली.

पिंट्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "म्हणजे चोरीनं मिळवलेलं चालतं?"

"अमेरिकेत चालत नाही. तिकडे क्लीव्हलँडमध्ये बॉम्बस्फोटातला संशयित शोधायला पोलीस एका बाईच्या घरात घुसले. शेवटी खटला भरला तो घरात सापडलेल्या अश्लील पुस्तकांवर. 1961 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं तो पुरावाच बाद केला."

"म्हंजे शिपायानं माती खाल्ली म्हणून गुन्हेगार सोडायचा," मामा म्हणाले. "उद्या खुनातला कोयता घावला आणि पंच परिसरातला नव्हता म्हणून कोयता परत द्यायचा? मेलेल्याच्या बायकोला तू सांगशील का ते? मी सांगितलं असतं का?"

याला वकिलाकडे चटकन उत्तर नव्हतं. आणि पंचांचा विषय निघाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझी ती गोष्ट कट्ट्याला पाठ आहे. तरी सांगतो. मी मास्तर, सरकारी नोकर, म्हणून मला एका चोरीच्या प्रकरणात पंच म्हणून नेलं. नेलं म्हणजे ठाण्यासमोरच्या हॉटेलात बसवलं, चहा पाजला. पंचनामा आधीच लिहिलेला होता. "गुरुजी, तेवढी सही करा, तुम्हाला कशाला उन्हातान्हात." मी सही केली. सहा वर्षांनी समन्स आलं. आरोपीच्या वकिलानं एवढंच विचारलं, खोलीचं दार कुठल्या दिशेला होतं? मी ती खोली पाहिलीच नव्हती. खोटं बोलवेना आणि खरंही नीट सांगता येईना. सरकारी वकिलानं मला फितूर जाहीर केलं आणि आरोपी सुटला. त्यानं चोरी केली होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, तुम्हाला चहा महागात पडला.

"तेच म्हणतोय मी," वकील उसळला. "नियम पाळला असता तर तो सुटला नसता, किंवा पकडलाच गेला नसता. चोर सुटतो तो नियमामुळं नाही मामा, हॉटेलातल्या पंचनाम्यामुळं."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तसे किती पंचनामे पाहिले असतील, मी विचारलं नाही.

शेठला वेगळीच शंका. गांजाच्या केसमध्ये म्हणे मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागता येते? येते. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम 50 खाली अंगझडतीच्या आधी तो हक्क आहे हे सांगावंच लागतं. ते न सांगता माल काढला तर त्या जप्तीवर शिक्षा टिकत नाही, हे 1999 मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलंय. पण हे फक्त अंगावरच्या मालाला. हातातल्या पिशवीला लागू नाही, कारण पिशवी म्हणजे अंग नव्हे. "मग शहाणा पोलीस पिशवीतच शोधणार," शेठ म्हणाला. वकील म्हणाला, अगदी बरोबर.

मला इथे एक गोष्ट खटकत होती, ती मी बोललो. घटनेत अटकेवर अख्खं कलम 22 आहे. कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. झडतीवर मात्र एक ओळ नाही. असं कसं?

"1954 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच म्हटलं होतं," वकील म्हणाला. "आठ न्यायाधीश होते. घटनाकारांनी अमेरिकेसारखं झडतीविरुद्धचं कलम घातलं नाही, तर आम्ही ते ओढून आणणार नाही. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा ते म्हणणं पुसलं. पण पूरणमल तसाच उभा आहे. हक्क आलाय, तो मोडला तर काय, ते आलेलं नाही."

"आणि 22 तरी बाबासाहेबांनी मागनं घातलं," मामा अचानक म्हणाले. आम्ही चकित. "काय बघताय? खात्यात असताना परीक्षा दिलीया मी."

खरं आहे ते. मसुद्यातलं कलम 15, म्हणजे आजचं 21, यात 'कायद्याने ठरवलेली पद्धत' एवढंच राहिलं होतं, आणि पद्धत काय असावी हे संसदेच्या मर्जीवर. त्यावर बरीच टीका झाली. म्हणून 15 सप्टेंबर 1949 ला डॉ. आंबेडकरांनी 15-अ मांडलं. निदान अटकेपुरती तरी भरपाई व्हावी हा हेतू. तेच आजचं 22. त्यातही प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच डांबून ठेवण्याला, बाजूला काढलं, यावरून सभागृहात पुन्हा वाद झाला तो वेगळाच. आमच्या शाळेत संविधान दिनाला पोरं उद्देशिका खडाखडा म्हणतात. 22 कुणी वाचून दाखवत नाही, मीसुद्धा नाही.

"ते चोवीस तास," पिंट्या म्हणाला, "कधीपासून मोजायचे?"

आता मामा हसले. असं हसणं की पुढचं सांगू नये असं त्यांना वाटतंय आणि सांगायचंही आहे. "अटक दाखवल्यापासनं."

दाखवल्यापासून. हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय, पेपरात रोज वाचतो, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट ऐकला. माणूस सोमवारी सकाळी 'चौकशीला' जातो. बाकड्यावर बसवून ठेवतात. घरचे डबा घेऊन जातात, डबा आत घेतात, माणूस बाहेर सोडत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी डायरीत अटक 'दाखवतात', आणि घड्याळ तिथून सुरू. सोमवार कुठल्याच कागदावर नसतो.

"आपल्या मुंबई हायकोर्टानं 1990 मध्येच सांगितलंय," वकील म्हणाला, "की माणसाच्या मोकळेपणावर बंधन आलं त्या क्षणी अटक झाली. डायरीत लिहिलेली वेळ कोण बघतो?"

"मॅजिस्ट्रेट बघतो," मामा म्हणाले. "आणि फक्त तेवढीच बघतो. रिमांडला पन्नास जणं उभी असत्यात. 'मारहाण केली का?' 'नाही.' 'पुढचा.' त्या पोरानं काय म्हणायचं? रात्री परत आमच्याकडंच यायचं असतंय त्याला."

हे मामांनी इतक्या सहज सांगितलं की कुणाला पुढे काही सुचेना. मग त्यांनाच वाटलं असावं की जास्त बोललो, कारण लगेच आवाज चढवून दुसरीकडे वळले. "आणि आता नवीन काय काढलंय? अटकेची कारणं लेखी द्या, त्याला कळंल त्या भाषेत द्या, आणि रिमांडच्या दोन तास आधी तरी द्या. एमआयडीसीत उडिया माणसं हायत, बंगाली हायत, नेपाळी हायत. ठाणे अंमलदारानं आता उडिया शिकायचं?"

सुप्रीम कोर्टाचा तो निकाल 2025 च्या नोव्हेंबरचा, मुंबईतल्याच एका गाडीच्या अपघातातला. मामांचा मुद्दा खोटा नव्हता. मनुष्यबळ नाही, दुभाषा नाही, वर बंदोबस्त. पण वकिलाने त्याहून जुनं काढलं. 1962 चा खटला, आपल्याच राज्याविरुद्धचा. एका स्थानबद्धाला कारणं इंग्रजीत दिली. तो म्हणाला मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकारने दिली नाहीत. सुप्रीम कोर्टाने त्याला सोडला. "तेव्हा हिंदी येणारा माणूस मिळत नव्हता का मामा?"

"तवा मी पाळण्यात हुतो," मामा म्हणाले.

पिंट्या अजून फोनच्या पासवर्डवर अडकला होता. जबरदस्तीनं सांगायला लावू शकतात का? वकील म्हणाला, 1961 मध्ये अकरा न्यायाधीशांनी सांगितलंय की बोटाचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. पण पासवर्ड डोक्यात असतो. कर्नाटक हायकोर्ट 2021 मध्ये म्हणालं की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नाही, मात्र झडतीचं वॉरंट हवं. पुढच्याच वर्षी दिल्लीत सीबीआयच्या विशेष न्यायालयानं उलट सांगितलं, आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही. "म्हणजे मी बोटानं उघडणारा फोन ठेवू नये," पिंट्या म्हणाला. कट्ट्याला ते एकमताने पटलं.

"ते राहू दे. उद्या परत नाक्यावर थांबवलं तर मी करू काय?"

"नम्रपणे विचार," वकील म्हणाला. "कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या कलमाखाली. आणि फोन घेऊन ठेवत असतील तर पंचनामा माग."

"असलं काय विचारू नगं लेका," मामा म्हणाले. "घरी उशिरा पोचशील." मग थोडं थांबून, "नाव वाचून ठेव. छातीवर पट्टी असतीया, बक्कल नंबर असतोय. नाव वाचलंय असं समजलं की माणूस जरा नीट वागतोय. मीबी वागायचो."

वकील म्हणाला, बरोबर, 1996 च्या डी. के. बसू निकालातला पहिलाच नियम तो, अटक आणि चौकशी करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे.

पिंट्याने डोकं खाजवलं. "पट्टी दिसली नाही, मामा. वरून ते चमकणारं हिरवं जॅकेट होतं."

मामांनी तंबाखू मळायला घेतली. "ते जॅकेट खात्याचंच असतंय," म्हणाले.