चाळीस किलोचा भोवरा

आमच्या कार्पेटवर एक कॉफीचा डाग आहे. होता असं लिहिणार होतो, पण ते पुढे येईलच. डाग कोणी पाडला यावर घरात दोन मतं आहेत, एक माझं आणि एक बरोबर. तर बायको एवढंच म्हणाली की अहो, कोणाला तरी बोलवून कार्पेट साफ करून घेऊया का, आणि मी कुठून तरी एकदम म्हणालो, कोणाला कशाला, मशीन भाड्याने मिळतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

यात चूक त्या माणसाची आहे. आमच्या ऑफिसात उशीर झाला की लॉबीत एक जण ते जमीन घासायचं, खाली गोल चकती फिरणारं मशीन चालवत असतो. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात फोन, आणि मशीन आपलं डावीकडे उजवीकडे झुलतंय, पाळणा हलवावा तसं. ते बघून कुणालाही वाटेल की यात काय आहे. मला तर वाटलंच.

भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो तर तिथे तोंडी परीक्षा सुरू झाली. चकती किती इंची? १३, १५, १७, २०? मी आयुष्यात प्रत्येक वस्तू घेताना जे केलं तेच केलं, सगळ्यात मोठं मागितलं. तो म्हणाला, घरात २० वळणार नाही साहेब, १७ न्या. बरं, स्पीड? म्हटलं, जास्तीत जास्त. यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. ती हजार दीड हजार आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी मशिनं म्हणे गुळगुळीत फरशीला चकाकी आणायला असतात, कार्पेटला १७५ च्या आसपासचं लागतं. १७५ ऐकून खरं सांगतो, माझा हिरमोड झाला, घरचा मिक्सरसुद्धा हजारोंच्या घरात फिरतो. घरी येऊन मग मी हिशोब मांडला तेव्हा कळलं की १७ इंची चकती मिनिटाला १७५ वेळा फिरते म्हणजे तिची कड ताशी १४ किलोमीटरने पळत असते, आणि वर चाळीसेक किलो वजन. पण हा हिशोब मी मशीन चालवून झाल्यावर मांडला, आधी मांडला असता तर हा लेखच झाला नसता.

पुढचा प्रश्न, कार्पेट लूप आहे की कट पाइल? मी म्हणालो, मिक्स. त्याने शांतपणे समजावलं की लूपमध्ये धाग्याचे वेढे तसेच असतात, कट पाइलमध्ये वेढे कापून टोकं मोकळी सोडलेली असतात, आणि त्या मोकळ्या टोकांवर गोल मशीन जोरात फिरवलं की पीळ सुटतो, टोकं पिंजारतात, वर गोल गोल वळं उमटतात ती वेगळीच. मी ठामपणे लूप म्हणालो. घरी येऊन बायकोने नखाने उकरून बघितलं तर खरंच लूप निघालं. त्या दिवसातलं माझं एकमेव बरोबर उत्तर, तेही अंदाजपंचे.

मला ब्रश आणि शॅम्पूची टाकी हवी होती कारण फेस झाला की साफ होतंय असं वाटतं. तो म्हणाला, फेस काढणार कसा? नीट निघाला नाही तर चिकटपणा राहतो नि त्यावर नवी धूळ दुप्पट वेगाने बसते. म्हणून त्याने बॉनेट दिलं, म्हणजे जाड गोल कापडी पॅड, पायपुसण्याच्या सख्ख्या भावासारखा. कार्पेटवर औषध हलकं स्प्रे करायचं, पॅडने मळ टिपून घ्यायचा, एक बाजू काळी झाली की उलटायचा. हे फक्त वरवरचं साफ करतं, मुळाशी गेलेलं नाही, असं त्याने मला तीनदा सांगितलं. माणूस प्रामाणिक होता. मीच तीनदा हो हो म्हणालो.

घरी आल्यावर आधी सगळीकडे व्हॅक्यूम मारायचा असतो, कारण कार्पेटमधली बहुतेक घाण ही कोरडी माती असते आणि तिच्यावर पाणी पडलं की तिचा चिखल होतो. मी तो मारला. म्हणजे मधे मधे मारला. मग बायको म्हणाली, आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा, रंग गेला म्हणजे? म्हणून सोफा थोडा पुढे ओढून त्यामागच्या कोपऱ्यात मशीन उभं केलं, हँडल पोटाच्या उंचीला आणलं, वायर खांद्यावरून मागे टाकली आणि दांडीवरची कळ दाबली. काय सांगू, काय शहाण्यासारखं चाललं! जरा घरंगळलं, भिंतीला टेकलं, परत आलं. पाचच मिनिटांत कोपरा असा निघाला की कार्पेटचा मूळ रंग हा होता हे आम्हाला तेव्हा कळलं. मला वाटलं, जमलं. हे लक्षातच आलं नाही की दोन बाजूंना भिंत आणि मागे सोफा असल्यावर ते बिचारं जाणार कुठे होतं.

हॉलच्या मध्यावर आणून कळ दाबली आणि ते निघालं. उजवीकडे. मी त्याला आवरायला हँडल वर ओढलं तर ते आणखी उजवीकडे, आणि आता चांगलंच तापल्यासारखं. टीपॉयला धडक, टीपॉयवरून पेपर खाली, पेपरवरून मशीन, तिथून पडद्याकडे. मुलगा सोफ्यावर पाय वर घेऊन ओरडतोय, "बाबा, सोडा ना!" आणि तेच तर होत नव्हतं. या मशीनची सोय अशी केलेली असते की कळ दाबून धरली तरच ते चालतं, सोडली की बंद, म्हणजे माणूस घाबरला तरी धोका नको. पण घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही हो, तो ती आणखी घट्ट धरतो! मी अख्खा पडदा गुंडाळून होईपर्यंत ती कळ धरून होतो.

पडदा सोडवत असताना मुलाने फोनवर शोधून सांगितलं की बाबा, हँडल वर केलं की मशीन उजवीकडे जातं, खाली केलं की डावीकडे. हे ऐकायला विचित्र वाटतं पण आहे अगदी सरळ. हँडल उचललं की चकतीची पुढची कड जमिनीवर जास्त दाबली जाते, ती कड फिरताना जमिनीला डावीकडे रेटत असते, म्हणून मशीन उजवीकडे उधळतं. खाली दाबलं की मागची कड टेकते नि सगळं उलट. म्हणजे मी जे जिवाच्या आकांताने आवरत होतो तेच नेमकं ॲक्सिलरेटर होतं.

कळलं म्हणून लगेच जमलं असं नाही. पुढची वीस मिनिटं मी आणि ते मशीन एकमेकांना हॉलभर फिरवत होतो. हँडल एका बोटाएवढं वर, एका बोटाएवढं खाली, एवढंच करायचं असतं, पण माझं बोट म्हणजे वीतभर होत होतं. मग दंड भरून आले, मनगटं गेली, धरायची ताकदच उरली नाही, हँडल नुसतं तळव्यांवर टेकवून मी उभा राहिलो आणि... ते झुलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, पाळण्यासारखं. बायको दारातून बघत होती. मी लगेच चेहरा असा केला की हे असंच ठरलेलं होतं. फोनवर बोलायचा मोहही झाला, पण वायर पायाशी आली होती.

बॉनेट उलटून बघितलं तर काळं कुट्ट. घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनासुद्धा, जे खरं तर आवाजाची तक्रार करायला आले होते. मग मुख्य काम, तो डाग. त्याच्यावर मी हलका नाही, चांगला सढळ हाताने स्प्रे मारला, वर जरा पाणीही ओतलं आणि मशीन तिथल्या तिथे मिनिटभर घुमवलं. डाग गायब! फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, चौदा अंगठे आले.

सकाळी उठून बघतो तर डाग हजर. आधी बशीएवढा होता, आता ताटाएवढा. कॉफी मुळाशी होतीच, मी तिला भरपूर पाणी पाजलं आणि रात्रभर ते पाणी सुकताना वर चढत गेलं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं, आणि कॉफीलाही सोबत घेऊन आलं. वरवरचं साफ करतं, तीनदा सांगितलं होतं त्याने.

मशीन परत देऊन आलो तर हॉल वेगळाच दिसत होता. बायकोने सोफा सरकवून बरोब्बर डागावर ठेवला होता, आणि तो मागचा कोपरा, आख्ख्या घरातली सगळ्यात स्वच्छ जागा, आता मोकळा होऊन दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाली, दोन मिनिटं, आणि तेही मुलगा उठेपर्यंत थांबले म्हणून.