दामोदर नव्याने उभं राहील, पण कोणासाठी?

परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं, तेव्हापासून मनात आहे ते आज लिहून टाकतो. जुन्या वास्तूला हातच लावू नका, असं माझं म्हणणं नाही. शंभरी ओलांडलेल्या इमारतीची डागडुजी तरी किती करणार? मला घोर लागलाय तो वेगळाच. नव्या नाट्यगृहात आमच्या गावमंडळांना, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या गावकऱ्यांच्या मंडळांना, पाय ठेवता येईल का?

ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली ती कष्टकऱ्यांसाठी. १९२२ चं दामोदर त्याच कामातून उभं राहिलं. गिरणीची पाळी सुटली की कामगार इथे नाटक बघायचा आणि स्वतः तोंडाला रंगही लावायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, भोवती टॉवर उठले, तरी दामोदरला आमच्या कोकणातल्या लोककला चालूच राहिल्या: नमन, आणि दोन शाहिरांचा गाण्या-नाचातला सामना म्हणजे शक्ती-तुरा. आम्हा रत्नागिरीकरांना मुंबईत हक्काची अशी दुसरी जागा सांगा बरं!

शक्ती-तुऱ्याचा सामना ठरला की वाडीतली पोरं तिकिटांची पुस्तकं घेऊन विरार, दिवा, बदलापूर पालथं घालतात. मध्य असो की पश्चिम, परळ सगळ्यांनाच सोयीचं. खर्च वजा जाता जे उरतं ते गावच्या देवळाला, नाहीतर पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेच्या, कामाला. भाडं दुप्पट झालं तर उरणार काय?

आणि रंगमंचाचं माप. शक्ती-तुऱ्यात शाहीर, ढोलकीवाला, कोरस मधोमध बसतात आणि पायात चाळ बांधलेली पोरं त्यांच्याभोवती फेर धरून नाचतात. त्या फेराला मंच पुढून मागे खोल लागतो. मंच चार फुटांनी आखडला तर दोन पात्रांच्या नाटकाचं काही बिघडत नाही. आमची पोरं मात्र पहिल्याच गाण्याला एकमेकांवर आदळतील. नकाशा काढणाऱ्याने निदान शक्ती-तुऱ्याची एक बारी, म्हणजे एक प्रयोग, समोर बसून बघावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

'नाट्यगृह देऊच' या तोंडी शब्दावर मी समाधानी नाही. आसनं किती, मंच केवढा, लोककलेच्या प्रयोगांना भाडं किती, हे सगळं लेखी हवं, आणि ते ठरवताना मंडळांना बोलावलं पाहिजे. आमच्या मंडळाचं पत्र तयार आहे. ज्यांचे प्रयोग दामोदरला झालेत त्यांनी आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह असंच पत्र द्यावं. मसुदा हवा असेल तर इनबॉक्स करा, लगेच पाठवतो.