शंभर गुण मिळालेल्या कोडमध्ये ओटीपी उघडा पडला होता

रविवारी सकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. खाली लिहिलं होतं, "मावशी, वाच. तुझं कोड वाचत बसायचं काम संपलं आता." हाच मजकूर आठवडाभरात आणखी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी तो सोडून दिला होता. पण भाचा नुकताच डिप्लोमा करून कामाला लागलाय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या व्यापाऱ्याला त्याने ऑर्डर घेणारी साइट बनवून दिलीय, आणि या फॉरवर्डच्या भरवशावर ती आदल्या सोमवारी चालूसुद्धा केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्डमधलं म्हणणं थोडक्यात असं. कोड तपासणारं साधन लावा, १०० पैकी १०० गुण आले की साइट सुरक्षित. डिबगची, म्हणजे चुका शोधताना तात्पुरती घातलेली, जी ओळ लाल दिसेल ती डोळे मिटून काढा. एखादी राहिली तरी बिघडत नाही, ग्राहकाला ती दिसत नाही. अशा ओळींनी साइट हळू होते. आणि सोलापूरसारख्या गावातल्या छोट्या साइटच्या वाटेला कोण जातंय, तेव्हा माणसाकडून कोड वाचून घेण्यात पैसे घालवू नका.

गुणांपासूनच सुरू करते. हे १०० गुण कशाचे? भाच्याने लावलेलं साधन म्हणजे ईएसलिंट. ते २०१३ पासून आहे, उत्तम आहे, मीही रोज वापरते. ते स्वतः गुण देत नाही, फक्त इशारे देतं; एकही इशारा उरला नाही की पूर्ण गुण, असं धरायचं. पण ते नियमांच्या यादीवर चालतं आणि यादीत जे नाही ते त्याच्या लेखी नसतंच. चालता कोड मध्येच थांबवणारी 'डिबगर' ही ओळ कोडमध्ये विसरली तर शिफारस केलेली यादी ती पकडते. कन्सोल.लॉग, म्हणजे तपासणीसाठी मजकूर छापणारी ओळ, पकडणारा नियम मात्र २०१९ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत त्या यादीतून काढला गेला. तो आपण होऊन चालू करावा लागतो. केला नाही, तर पन्नास कन्सोल.लॉग असले तरी तक्रार शून्य येते.

भाच्याने तो नियम चालू केला होता, हे मान्य. ३७ इशारे आले, त्याने ३७ ओळी काढल्या, हिरवी खूण मिळाली. पण काम सुरू करताना त्याने सोयीसाठी 'नोंद' नावाचं एक फंक्शन लिहिलं होतं. आलेली रिक्वेस्ट, म्हणजे गिऱ्हाइकाने साइटवर भरून पाठवलेली माहिती, जशीच्या तशी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, एवढंच त्याचं काम. साधनाला ते चारचौघांसारखं एक फंक्शन दिसतं. त्यातून काय वाहतंय हे त्याला कळत नाही.

ती फाइल मी उघडली. एका ओळीत मोबाइल नंबर, त्याच ओळीत सहा आकडी ओटीपी. दोन ओळी खाली कुणाचा तरी पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. आणि फाइल साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये होती. माझ्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि ती सगळी यादी स्क्रीनवर आली. भाच्याला दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

अशी चूक फक्त नवख्याकडून होते असंही नाही. ३ मे २०१८ ला ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. कारण हेच: पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच आतल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, उघडे लिहिले जात होते. तिथे काय साधनं नव्हती?

माझे वडील यंत्रमागावर होते. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, ते यंत्राला कळतं. पण किनारीला चुकीच्या रंगाचं सूत भरलं गेलं तर माग बिनतक्रार चालत राहतो, कारण धागा तुटलेला नसतो. टॉवेल शेवटी टेबलावर पसरून, उजेडात धरून कुणीतरी बघावाच लागतो. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला. लाल दिसेल ती ओळ डोळे मिटून काढा.

गुरुवारी त्या व्यापाऱ्याचा भाच्याला फोन आला होता. हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात जमा झालेत, पण ऑर्डर कुठेच दिसत नाही. भाच्याने बँकेवर ढकललं. रविवारी आम्ही कोड उघडला तेव्हा कारण सापडलं. पैसे आल्यावर ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिणारा भाग ट्राय-कॅचमध्ये होता, म्हणजे ट्रायमध्ये काम करून बघायचं आणि फसलं तर कॅचने सांभाळायचं. लिहिताना काही चुकलं तर कॅचमध्ये यायचं आणि चूक कन्सोलवर छापायची, अशी एकच ओळ तिथे होती. साधनाने ती लाल केली, भाच्याने काढली. कॅच रिकामा झाला. मग साधनाने रिकाम्या ब्लॉकबद्दल दुसरा इशारा दिला. त्यावर भाच्याने आत एक टिप्पणी लिहिली, "नंतर बघू". ईएसलिंटच्या नियमानुसार टिप्पणी असलेला ब्लॉक रिकामा धरला जात नाही. तोही इशारा गेला. पूर्ण गुण.

आणि त्या हैदराबादच्या गिऱ्हाइकाने पत्ता लिहिताना गल्ली, मंदिर, पाण्याची टाकी सगळं लिहिलं होतं. डेटाबेसमध्ये पत्त्याला जागा १०० अक्षरांची. डेटाबेसने नोंद नाकारली, चूक कॅचमध्ये आली आणि तिथेच मेली. गिऱ्हाइकाला पडद्यावर "धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली" असं दिसलं. काढलेली ती ओळ असती तर सर्व्हरच्या लॉगमध्ये सोमवारीच कळलं असतं. खरं तर त्या जागी कन्सोलपेक्षा नीट नोंद हवी होती आणि गिऱ्हाइकाला खरं काय झालं ते सांगणारा संदेश हवा होता. ओळ काढायची नव्हती, सुधारायची होती. हा फरक ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना ही एका पोराची हलगर्जी वाटते त्यांनी डेबियनचं प्रकरण माहीत करून घ्यावं. डेबियन ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची नावाजलेली आवृत्ती, जगभरचे सर्व्हर तिच्यावर चालतात. २००६ साली व्हॅलग्रिंड हे दोष शोधणारं साधन तिच्यातल्या ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडवर तक्रार करत होतं, की इथे अशी मेमरी वापरली जातेय जिच्यात आधी काही भरलेलंच नाही. तक्रार खोटी नव्हती. ती थांबावी म्हणून देखभाल करणाऱ्याने दोन ओळी बंद केल्या. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच, पण त्यातली एक ओळ गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा, म्हणजे अंदाज बांधता न येणारे आकडे, मिसळत होती. ती गेल्यावर फरक करणारी एकच गोष्ट उरली, चालू प्रोसेसचा, म्हणजे त्या वेळी चालणाऱ्या प्रोग्रामचा, क्रमांक. म्हणजे अगणित किल्ल्यांच्या जागी एका प्रकारच्या ३२ हजारांच्या आसपास किल्ल्या. तेवढ्या कुणीही आधीच बनवून ठेवू शकतो. साधन शांत झालं, आणि मे २००८ मध्ये डेबियनचेच एक विकसक लुसियानो बेलो यांनी हे उघडकीला आणेपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि तिच्यावर उभी असलेली उबुंटू अशा किल्ल्या वाटत राहिल्या. त्या काळात बनवलेल्या किल्ल्या लोकांना टाकून देऊन नव्या बनवाव्या लागल्या. हे काम अनुभवी माणसाच्या हातून झालं होतं, आणि त्याने दुसऱ्यांना विचारूनही घेतलं होतं. डोळे उघडे ठेवून हे होतं, आणि फॉरवर्ड सांगतो डोळे मिटा.

"ग्राहकाला दिसत नाही." ग्राहक बघत नसेल, पण ज्याला बघायचंय तो बघतो. सप्टेंबर २०१५ अखेर कलाकारांना चाहत्यांकडून पैसे मिळवून देणाऱ्या पेट्रिऑन या साइटमधून लोकांची माहिती चोरीला गेली, सुमारे २३ लाख ई-मेल पत्ते. कंपनीच्या प्रमुखाने स्वतः सांगितलं की बाहेरच्यांना दिसेल अशी राहिलेली साइटची डिबग आवृत्ती हेच चोरांचं दार होतं. साइट बनवायच्या जँगो या तयार सांगाड्याच्या कागदपत्रांत तर स्पष्ट बजावलंय की डिबग चालू ठेवून साइट कधीही लोकांसमोर आणू नका.

साइट हळू होते, हे अर्धं खरं आहे. हजारो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये मोठाले ऑब्जेक्ट छापले तर ब्राउझर जड होतो, ते मी पाहिलंय. बटण दाबल्यावर एकदा छापलेल्या ओळीने काही होत नाही. भाच्याची साइट हळू होती ती टॉवेलच्या चार-चार एमबीच्या फोटोंमुळे.

साधनं नकोत, असं मी म्हणत नाही. १९७८ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी सी या प्रोग्रामिंग भाषेसाठी असं पहिलं साधन लिहिलं आणि त्याला नाव दिलं लिंट, म्हणजे कपड्याला चिकटलेला कापसाचा तंतू. तो वेचण्यात माणसाचा वेळ जाऊ नये. ३७ कन्सोल.लॉग शोधायला मला अर्धा दिवस लागला असता, साधनाने दोन सेकंदांत दाखवले. ते वाचलेले तास खऱ्या ओळी वाचायला वापरावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

आणि सोलापूरच्या वाटेला कोण जातंय? साइट चालू झाल्यापासूनचा सर्व्हरचा लॉग भाच्याला उघडून दाखवला. पासवर्ड ठेवायच्या नेहमीच्या फाइलींची नावं एकामागून एक टाकून बघणारी यंत्रं पहिल्याच दिवशी येऊन गेली होती. त्यांना गाव कळत नाही, ती सरसकट सगळे पत्ते ठोठावत फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्यात गाव छोटं म्हणून सूट नाही.

रविवारी रात्रीपर्यंत आम्ही दोघं बसलो. लॉगची फाइल काढली, 'नोंद' फंक्शनमधून ओटीपी आणि पासवर्ड वगळले, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, पत्त्याची जागा वाढवली, कॅच भरला. सोमवारी व्यापाऱ्याने बँकेचं स्टेटमेंट आणि ऑर्डरची यादी शेजारी ठेवून मेळ घातला, तर हैदराबादशिवाय आणखी दोन ऑर्डर अशाच गायब निघाल्या. तिन्ही गिऱ्हाइकांना भाच्याने स्वतः फोन करून माफी मागितली. घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड त्याने काढून टाकलाय. बाकीच्या तीन ग्रुपवर तो अजून आहे, तिथे मी हे टाकतेय.