एका मिनिटाचा धावपटू

अर्धमॅरेथॉन, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटर, धावण्याचा संकल्प मी गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी जाहीर केला, तेव्हा घरातल्या सर्वांनी माझ्याकडे आदराने पाहिले. परंतु त्याचा आरंभ एक मिनिट धावून दोन मिनिटे चालण्याने होणार आहे, हे सांगताच तो आदर चकल्यांच्या आधी संपला. मोठ्या संकल्पाला आपल्याकडे शाल आणि श्रीफळ मिळते, लहान पावलाच्या वाट्याला मात्र तब्येतीची चौकशी येते.

वस्तुतः या संथपणामागे शरीराचे साधे शास्त्र आहे. सरावाने हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात, दम लागेनासा होतो आणि आता सुसाट सुटावे असे वाटू लागते. पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा मुळातच कमी असल्याने त्यांना बळकट व्हायला महिनोन्‌महिने लागतात. उत्साह पुढे निघून जातो आणि टाच मागे राहते, ती याच काळात. म्हणून धावण्याचा वेळ थोडाथोडाच वाढवायचा असतो.

हे सारे नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना कोण समजावणार? मनगटावरचे घड्याळ किणकिणले की मी आज्ञाधारकपणे थांबतो आणि चालू लागतो, तोच मागून आमच्या शेजारच्या अण्णांचा आवाज येतो, "काऊन थांबले जी? आत्ता तर मस्त पळून राहिले होते!" मी कंडरांचा विषय काढतो, अण्णा गुडघ्याच्या तेलाचा काढतात. संध्याकाळपर्यंत त्या गुडघ्याचे छातीत दुखणे झालेले असते आणि रात्री एक वहिनी घरी येऊन सौभाग्यवतीला दबक्या आवाजात विचारून जातात, "ईसीजी काढला का हो?"

खरी परीक्षा धावण्याची नसून थांबण्याची आहे, विशेषतः कोणी पाहत असताना. समोरून कॉलेजची मुले येत असली की साठाव्या सेकंदाला थांबणे जिवावर येते आणि निदान त्या वळणापर्यंत तरी इभ्रत ताणावी, असा मोह होतो.

त्यातून वाटेवर तर्री-पोह्यांची गाडी लागते. पोह्यांचा ढीग, त्यावर चण्याचा रस्सा आणि रश्श्यावर लाल तेलाचा जाड तवंग. "तर्री थोडीच" असे बजावले, तरी गाडीवाला डाव काठोकाठ भरूनच ओततो. थोड्याथोड्याने वाढवण्याचे तत्त्व या शहराने तर्रीला अद्याप लागू केलेले नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला आणि पहाटेच्या हवेतही आदल्या दिवसाची धग उरू लागली, तेव्हा मी वेळ वाढवणे थांबवले आणि होते तेवढेच टिकवले. उन्हाळ्यात जागच्या जागी टिकणे ही नागपुरात प्रगतीच समजावी.

पावसाळा लागल्यापासून मी सलग पाच मिनिटे धावतो. कॉलनीत याची दखल कोणी घेतली नाही, पण अण्णांनी परवा आपण होऊन सोबतीचा प्रस्ताव मांडला. "तुमचं चालायचं असलं का मी येतो," बाकावर ऐसपैस बसत ते म्हणाले, "पळायचं तेवढं तुम्ही पळून या, मी इथंच आहो."